लहान बोटी वगळून

सुमेधा वासनिक मूळची भंडाऱ्याची. तिच्या लहानपणी पाणी म्हणजे गावाबाहेरची तळी आणि फार तर वैनगंगा. आई घरी विड्या वळायची, वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई होते. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअर झाल्यावर, आणि तेव्हाही त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. त्यामुळे नोव्हा स्कोशियातल्या मोशर्स हेड या कोळ्यांच्या गावात कुणी तिला, "तुमच्याकडे पण सगळे मासेमारीच करतात का?" असं विचारलं, की ती हसून म्हणायची, "आमच्याकडे भात करतात."

ती तिथे आली ती रडारसाठी. ओटावाच्या एका छोट्या कंपनीत ती काम करत होती आणि कंपनीला सरकारचं कंत्राट मिळालं होतं: किनाऱ्याजवळ येणारी जहाजं लांबूनच टिपायची. साधं रडार सरळ रेषेत पाहतं, क्षितिजापलीकडचं जहाज त्याला दिसत नाही. हे रडार वेगळं होतं. गावाच्या टोकाला खडकाळ माळावर ओळीने खांब उभे करायचे, त्यांतून निघालेल्या लहरी पाण्याच्या पृष्ठभागाला धरून दूरवर जाणार आणि लोखंडावर आपटून परत येणार. मोठी जहाजं आपलं नाव, गाव, वेग स्वतःच रेडिओवरून सांगत असतात. जे सांगत नाहीत ते कुठे आहेत, हे सरकारला हवं होतं. परत आलेल्या लहरींतून समुद्राच्या लाटांचा गोंधळ बाजूला काढायचा आणि उरलेल्या ठिपक्यांतून जहाजाचा माग जोडायचा, हे सुमेधाचं काम. ती ते चांगलं करायची.

कुटुंब ब्रॅम्पटनला होतं. नवरा राकेश एका वेअरहाऊस कंपनीत प्लॅनिंगला, मुलगी शाळेत. सुमेधा दोन-तीन आठवडे मोशर्स हेडला राहायची आणि मग तितकेच दिवस घरून काम करायची.

खांब उभे करण्याआधी, २०१६ च्या शरद ऋतूत, गावाच्या फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलाच्या सभागृहात, सभा झाली. जमीन गावाची होती, गावाने हो म्हणायला हवं होतं. कंपनीचा प्रमुख ब्रेंट ओटावाहून आला होता. त्याने स्लाइड दाखवल्या. लॉबस्टर धरणारे कॅप्टन कॉफीचे कागदी कप धरून ऐकत होते. स्लाइड संपल्या तेव्हा एक उंच, खांद्यात थोडा वाकलेला माणूस उभा राहिला. त्याचं नाव वेंडेल.

"आमच्या बोटी दिसतील का यात?" त्याने विचारलं.

ब्रेंटने सुमेधाकडे पाहिलं. ती उठली.

"जवळ असतील तर दिसतील," ती म्हणाली.

हॉलमध्ये कुजबुज झाली. त्या लोकांची अडचण तिला आदल्या दोन दिवसांत कळली होती. लॉबस्टर धरायचे पिंजरे कोण समुद्रात कुठे टाकतो, हे तिथे कुणी कुणाला सांगत नाही. बाप पोराला सांगतो तेही म्हातारपणी. सरकारच्या यंत्रात प्रत्येक बोटीचा माग साठायला लागला, तर पिढ्यांनी जपलेली जागा उद्या कुणाच्याही हाती जाणार.

सुमेधाला हे समजायला समुद्र माहीत असायची गरज नव्हती. ब्रॅम्पटनला आल्यापासून ग्रोसरीच्या रांगेत, कुणाच्या बेसमेंटमधल्या वाढदिवसाला, नवी ओळख झाली की दुसऱ्या मिनिटाला प्रश्न यायचा, "पूरा नाम क्या है आपका?" आणि वासनिक ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर आत कुठेतरी एक कप्पा उघडून बंद व्हायचा. आपण कोण, कुठले, हे आपण न सांगता दुसऱ्याने काढून घ्यावं, हे काय असतं ते तिला ठाऊक होतं.

"मी प्रोग्रॅम असा लिहीन," ती म्हणाली, "की या किनाऱ्यापासून ठरावीक अंतराच्या आत लहान बोटींचा माग जोडलाच जाणार नाही. पडद्यावर येणार नाही, साठवला जाणार नाही."

"पण लहरी तर येतीलच परत," वेंडेल म्हणाला. "त्या कुठेतरी भरून ठेवत असाल ना तुम्ही?"

"कच्च्या स्वरूपात आठवडाभर राहतात. मग त्यांच्यावर नवीन भरलं जातं."

"म्हणजे आठवड्याच्या आत मनात आलं, तर माग काढता येईल."

"येईल," सुमेधा म्हणाली. "काढणार नाही."

वेंडेल खाली बसला. मतदान झालं, जमीन मिळाली. परतताना गाडीत ब्रेंट म्हणाला, "तू ते फार छान हॅंडल केलंस." सुमेधाला त्यात हॅंडल करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. घरी परतल्यावर तिने प्रोग्रॅममध्ये ती ओळ लिहिली आणि शेजारी शेरा टाकला: लहान बोटी वगळून.

गावात हॉटेल नव्हतं. वेंडेलची बायको मार्लीन आपलं बेसमेंट उन्हाळ्यात पर्यटकांना भाड्याने द्यायची, ते तिने सुमेधाला दिलं. हिवाळ्यात बर्फ पडला की सुमेधा फावडं घेऊन बाहेर येईपर्यंत वेंडेलने ड्राइव्हवे साफ केलेला असायचा. "तू शोव्हल करू नकोस, तू माझं काम वाढवतेस," तो म्हणायचा. तो फार बोलत नसे. रडारबद्दल त्याने परत कधी विचारलं नाही. रविवारी मार्लीनचा धाकटा भाऊ कर्टिस जेवायला यायचा. तो मात्र बोलका, जेवणभर बोलत राहायचा. त्याचीही लॉबस्टरची बोट होती आणि धक्क्यावर ती वेंडेलच्या बोटीशेजारीच बांधलेली असायची. मार्लीन सुमेधालाही वर बोलवायची. पुढे पुढे सुमेधा वरणभात करून वर न्यायला लागली. कर्टिसला तो आवडायचा, वेंडेल निमूट खायचा.

राकेश फोनवर विचारायचा, "काहून बाप्पा, तिकडचीच झाली का तू?" मागून मुलगी ओरडायची, "Mom, when are you coming?" असंच ते वर्ष गेलं.

मे संपला की तिथला लॉबस्टरचा हंगाम संपतो. सगळे पिंजरे बाहेर काढून धक्क्यावर रचून ठेवायचे, मग पुढच्या हंगामापर्यंत लॉबस्टरला हात लावायचा नाही. जूनमध्ये ज्याला जायचं तो मॅकरल मासे धरायला जातो. जूनच्या मध्यावर एका सकाळी वेंडेल असाच एकटा निघाला. पूर्वेला बेटांकडे मॅकरलला जातो म्हणाला. थोडं धुकं होतं, पण तिथे जूनमध्ये धुकं असतंच.

दुपार झाली तरी तो आला नाही. मार्लीनने रेडिओवर बोलावलं, उत्तर नाही. तिने कर्टिसला फोन केला, मग बचाव केंद्राला. कर्टिस लगेच बोट घेऊन निघाला. सुमेधा तेव्हा रडारच्या खोलीत होती. खिडकीतून तिला त्याची हिरवी बोट एकटीच बाहेर पडताना दिसली. तासाभराने गावातल्या इतर बोटी निघाल्या, तटरक्षक दलाची मोठी बोट आली, एक विमानही वर घिरट्या घालून गेलं. धुकं तोवर इतकं दाटलं होतं की विमानाचा फक्त आवाज आला. सगळे पूर्वेला बेटांमधून शोधत होते.

सुमेधाच्या पडद्यावर नेहमीसारखी मोठी जहाजं होती. हॅलिफॅक्सकडे जाणारं एक कंटेनरचं, एक तेलाचं. किनाऱ्याजवळचं पाणी रिकामं होतं. तिनेच ते रिकामं ठेवलं होतं.

त्या खोलीत गावातलं कुणी कधी आलं नव्हतं. दार वाजलं तेव्हा मार्लीन होती. ती माळावरून चालत आली होती, पॅंट गुडघ्यापर्यंत भिजली होती. तिने बसायला नकार दिला.

"तो मॅकरलला गेलेला नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मॅकरलची गरी गॅरेजमध्ये टांगलेली आहे. मी आत्ता पाहिली. कुठे गेलाय ते मला माहीत नाही. बेटांकडे नाही, एवढं माहीत आहे."

"हे बचाव केंद्राला सांगितलंस?"

"काय सांगू? कुठे शोधा म्हणून सांगू?" मार्लीनने पडद्याकडे पाहिलं. "तुला काढता येतं. तू त्या सभेत म्हणाली होतीस."

"मी काढणार नाही असंही म्हणाले होते."

"ते त्याला म्हणाली होतीस," मार्लीन म्हणाली. "मला नाही."

सुमेधाने तिला खुर्चीत बसवलं आणि बाहेर जाऊन ब्रेंटला फोन लावला. ब्रेंटने सगळं ऐकून घेतलं.

"कशाला हात लावू नकोस," तो म्हणाला. "गावाशी लेखी करार आहे. मी सरकारच्या लीगलशी बोलतो. उद्या सकाळपर्यंत कळवतो."

"ब्रेंट, माणूस पाण्यात आहे."

"शोधायला लोक गेलेत ना? आणि समज, तू चुकीची जागा सांगितलीस, मग? सगळ्या बोटी तिकडे वळवल्या आणि तो इकडेच होता, मग?"

तो प्रश्न खरा होता. सुमेधाने फोन ठेवला. थोडा वेळ ती खांबांच्या ओळीकडे बघत उभी राहिली. धुक्यात चौथ्या-पाचव्या खांबापुढचं काही दिसत नव्हतं. तिला फार मोठा विचार वगैरे करावा लागला नाही. ती आत गेली, ती ओळ प्रोग्रॅममधून काढली आणि सकाळच्या कच्च्या लहरी पहिल्यापासून चालवायला घेतल्या.

मार्लीनला तिने पडद्याकडे पाठ करून बसायला सांगितलं. "इतरांच्या बोटी दिसतील," ती म्हणाली. मार्लीनने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

हळूहळू बंदराच्या तोंडातून ठिपके बाहेर पडायला लागले. बहुतेक जवळच घुटमळले. एक मात्र बाहेर पडून थेट नैर्ऋत्येला गेला, बेटांच्या अगदी उलट दिशेला. थोड्या वेळाने दुसरा त्याच्याच मागे गेला. दोन्ही एका ठिकाणी पोचले आणि तिथे पुढे-मागे करत राहिले. थांबायचं, थोडं सरकायचं, परत थांबायचं. पिंजरे उचलणारी बोट अशीच फिरते. सहा महिने मोठ्या जहाजांचा माग काढता काढता सुमेधाने हंगामातल्या बोटी खिडकीतून पाहिल्या होत्या, त्यामुळे ते तिला लगेच ओळखू आलं. हंगाम संपून पंधरवडा झाला होता.

मग दुसरा ठिपका परत फिरला आणि बंदरात आला. पहिला तिथेच राहिला. त्याची हालचाल मंद झाली, आणखी मंद झाली, आणि मग तो नाहीसा झाला. सुमेधाला त्याचा अर्थ माहीत होता. बोट बुडाली असं नाही. इंजिन बंद पडून ती लाटांबरोबर वाहायला लागली, की लाटांच्या गोंधळात हे रडार तिला वेगळं काढू शकत नाही.

तिने ती वेळ आणि जागा टिपली. आणखी चालवायची तशी गरज नव्हती. पण वेंडेल इंजिन सुरू करून कुठे निघाला असेल तर, म्हणून तिने दुपारपर्यंत चालवलं.

दुपारी बंदरातून एकच ठिपका बाहेर पडला. ती वेळ तिला माहीत होती. त्या वेळी खिडकीतून तिने कर्टिसची बोट जाताना पाहिली होती. ठिपका पूर्वेला गेला नाही. तो सरळ नैर्ऋत्येला, सकाळच्या त्याच जागी गेला. तिथे गोल फिरला, मग जरा मोठं वर्तुळ घेऊन फिरला. बराच वेळ फिरत राहिला. मग वळला, किनाऱ्याच्या कडेने पूर्वेला गेला आणि बेटांजवळ बाकीच्या बोटींच्या घोळक्यात मिसळला.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मार्लीनने विचारलं, "आहे का?"

"आहे," सुमेधा म्हणाली. "सकाळी कुठे होता ते आहे."

रेडिओवर त्याच क्षणी कर्टिसचा आवाज आला. तो केंद्राला सांगत होता की बेटांच्या उत्तरेकडची बाजू पाहून झाली, आता दक्षिणेची बघतो. भावाचा आवाज ऐकून मार्लीनने डोळे मिटले. "बिचारा दुपारपासून नुसता फिरतोय," ती म्हणाली.

सुमेधाने केंद्राला फोन केला. तिने एका बोटीबद्दल सांगितलं. जागा, वेळ, आणि ती जागा म्हणजे एक बिंदू नसून दीड-दोन मैल लांबीचा पट्टा आहे, हेही. पलीकडच्या बाईने वारा आणि ओहोटी धरून बोट कुठवर वाहत गेली असेल याचा हिशेब मांडला. तटरक्षक दलाची बोट नैर्ऋत्येला वळली.

अजून उजेड होता तेव्हाच वेंडेल सापडला. पिंजऱ्याचा दोर पंख्यात अडकून इंजिन बंद पडलं होतं. बोटीचा मागचा भाग लाटांसमोर आला, बोटीत पाणी शिरलं आणि बॅटऱ्या बुडाल्या, त्यामुळे रेडिओही गेला. बोटीची मागची बाजू पाण्यात आणि पुढची वर, अशा अवस्थेत तो लाल सर्व्हायव्हल सूट घालून केबिनच्या छपरावर बसला होता. हाताने वाजवायचा भोंगा त्याच्याकडे होता. तटरक्षक दलाच्या लोकांनी आपलं इंजिन बंद केलं तेव्हा त्यांना तो ऐकू आला. पुढच्या डेकवर दोरीने बांधलेल्या पेट्या होत्या आणि पेट्यांत लॉबस्टर होते.

दोन दिवसांनी तो हॉस्पिटलातून घरी आला. तिसऱ्या दिवशी मत्स्य खात्याचा अधिकारी त्याच्याकडे येऊन गेला. त्या संध्याकाळी मार्लीनने सुमेधाला वर बोलावलं. वेंडेल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. चेहऱ्याची कातडी वाऱ्याने सोलली होती.

"तू म्हणाली होतीस, काढणार नाही," तो म्हणाला.

"म्हणाले होते."

"मग?"

"मग काढलं."

ती पुढे काही समजावून सांगेल अशी त्याची अपेक्षा असावी. तिने काही समजावलं नाही.

"मला सगळ्यांनी विचारलं," वेंडेल म्हणाला. "डॉक्टरने, पोलिसांनी, मत्स्य खात्याच्या त्या माणसाने. तुम्हाला वाचवलं त्या बाईचे आभार मानलेत का? मानतो. आभारी आहे. पण महिनाअखेर बेसमेंट रिकामं कर."

मार्लीन सिंकपाशी उभी होती. ती वळली नाही. सुमेधा खाली आली. थोड्या वेळाने मार्लीन खाली येऊन दारातच उभी राहिली.

"मी सांगितलं म्हणून तू केलंस, हे मी त्याला सांगितलंय," ती म्हणाली. "पण त्याला धक्क्यावर जायचं असतं. तिथे सगळे विचारतात, तुझ्या भाडेकरणीने आणखी काय काय पाहिलं."

"मी एकच बोट सांगितली."

"सांगितली एकच," मार्लीन म्हणाली. "पाहिल्या किती, ते त्यांना हवंय." मग ती वर निघून गेली.

तो अधिकारी रडारच्या खोलीतही आला. सौम्य, कामाचा माणूस होता. त्याने विचारलं, त्या सकाळी तिथे आणखी कुणी होतं का?

"मला एका बोटीचा माग हवा होता, तो मी काढून केंद्राला दिला," सुमेधा म्हणाली. "बाकी काही हवं असेल तर कंपनीला लिहा."

"तुम्हाला स्वतःला काही दिसलं का?"

"कंपनीला लिहा," ती परत म्हणाली.

त्याने लिहिलं. कंपनीच्या वकिलांनी सरकारच्या वकिलांना विचारलं. त्यांचं उत्तर येईपर्यंत आठवडा उलटून गेला होता आणि त्या दिवसाच्या लहरींवर नव्या लहरी भरल्या गेल्या होत्या. ब्रेंटने फोनवर विचारलं, "कॉपी ठेवली नव्हतीस?"

"तू ठेव म्हणाला नव्हतास."

ब्रेंट तिच्यावर चिडला होता आणि खूशही होता. कंपनीच्या वेबसाइटवर एव्हाना खांबांचा मोठा फोटो आला होता आणि त्याखाली या रडारने एका मच्छीमाराचे प्राण कसे वाचवले ते आलं होतं.

बेसमेंट सोडायच्या आधी एका सकाळी कर्टिस माळावर आला. सुमेधा एका खांबाची सैल झालेली केबल तपासत होती. त्याने टोपी काढून हातात घेतली. त्याला असं गप्प उभं राहिलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"तुला किती दिसलं?" त्याने विचारलं.

"सगळं."

"दुपारचं पण?"

"दुपारचं पण. तू तिथे गेलास, गोल फिरलास, मग बेटांकडे आलास."

"मार्लीनला सांगितलंस?"

"नाही."

त्याने समुद्राकडे पाहिलं. त्या दिवशी हवा स्वच्छ होती, बेटं दिसत होती. "माझेही पिंजरे होते तिथे," तो म्हणाला. "रेडिओवर जागा सांगितली असती तर सगळे तिथे आले असते. दोघांची लायसन्स गेली असती. मला वाटलं, मीच आणतो ओढून. सापडला असता तर कुणाला काही कळलं नसतं." मग म्हणाला, "तो जवळ होता का?"

सुमेधाने मनात हिशेब केला. तो तिने आधीही केला होता. "ओहोटीने तो बाहेर गेला होता. तू आतल्या बाजूला फिरत होतास. दीड मैल असेल, कमी असेल."

"भोंगा वाजवत होतो म्हणतो तो. मला ऐकू आला नाही."

"इंजिन बंद करून ऐकलंस?"

"नाही," तो म्हणाला. "घाईत होतो."

त्याने टोपी घातली आणि तो माळ उतरून गेला. सुमेधाने केबल घट्ट केली आणि पुढच्या खांबाकडे वळली.

कोर्टात वेंडेलला दंड झाला आणि पुढच्या हंगामापुरतं त्याचं लायसन्स रद्द झालं. त्या सकाळी त्या जागी आणखी कोण होतं हे त्याला विचारलं गेलं. आपण एकटाच होतो, असं त्याने सांगितलं. त्या हिवाळ्यात तो कर्टिसच्या बोटीवर पगारी माणूस म्हणून गेला. भाऊजींना सांभाळून घेतलं म्हणून गावात कर्टिसचं नाव झालं. त्याआधी, शरद ऋतूत, फायर हॉलमध्ये परत सभा झाली होती. ब्रेंटने करारात नवीन कलम आणलं होतं: आणीबाणी सोडून. सुमेधा त्या सभेला गेली नाही. गावाने नाही म्हटलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात खांब काढून किनाऱ्यावर आणखी वर, वस्ती नसलेल्या एका टोकावर नेले.

तोवर सुमेधाने कंपनी सोडली होती. रेजिनाला प्रांत सरकारच्या शेती खात्यात तिला जागा मिळाली. उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीतली ओल मोजायची. राकेशला ब्रॅम्पटन सोडवत नव्हतं, आंबेडकर असोसिएशनचा सगळा गोतावळा तिकडेच होता. पण मुलीला आई रोज घरी हवी होती. शेवटी तिघं गेले. रेजिनाला समुद्र कुठल्याही दिशेला हजार किलोमीटरच्या आत नाही. एप्रिलच्या जयंतीला चार घरं जमवताना सुमेधाची दमछाक झाली, पण जमली.

२०१८ च्या हिवाळ्यात, शनिवारी दुपारी, ती विंटर टायर बदलून घ्यायला गॅरेजमध्ये बसली असताना मार्लीनचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदाच. तिने आधी हवा विचारली, मुलीची शाळा विचारली. मग म्हणाली, "कर्टिसने मला सांगितलं. त्या दिवसाचं."

"काय सांगितलं?"

"त्याचेही पिंजरे होते ते. आणि सकाळी तो तिथून परत आला होता ते. म्हणाला, दुपारी मी वेंडेलला शोधायला आधी तिथेच गेलो होतो." मार्लीनचा आवाज सपाट होता. "मी त्याला घरातून हाकललं. आता तो रोज फोन करतो. वेंडेल म्हणतो, जाऊ दे. मला जाऊ देता येत नाही, सुमेधा. तो खरंच गेला होता का, एवढंच सांग. का आता बोलतोय नुसता? तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

गॅरेजमधला माणूस काचेमागून खूण करत होता की गाडी तयार आहे. सुमेधाने हात वर करून त्याला थांबायला सांगितलं.

"गेला होता," ती म्हणाली. "तू रडारच्या खोलीत आलीस, त्याआधी मी तो निघाला तेव्हाच पाहिला होता. बंदरातून सरळ तिकडे गेला. खूप वेळ फिरत होता."

"जवळ पोचला होता?" मार्लीनने विचारलं.

"तेवढं त्या यंत्रावरून सांगता येत नाही," सुमेधा म्हणाली.

"बरं," मार्लीन म्हणाली. मग तिने सांगितलं की बेसमेंट आता एका नर्सला दिलंय, ती चांगली आहे, पण तिला स्वयंपाकाचा कंटाळा आहे. वेंडेलला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. सुमेधाने त्याला नमस्कार सांगायला सांगितला. मार्लीन म्हणाली, सांगते, पण तो काही म्हणणार नाही. सुमेधा म्हणाली, नाही तर नाही.

फोन ठेवून ती काउंटरवर गेली, बिल दिलं आणि किल्ली घेतली. बाहेर उणे वीस होतं आणि ऊन लख्ख पडलं होतं. मुलीचा पोहण्याचा क्लास सुटायला थोडाच वेळ उरला होता.